निळ्या पाण्याचा पांढरा फेस

जयसिंग वाघमारे यांचं साबणाच्या पाण्याशी भांडण लागून आता तीन दिवस झाले होते. बत्तीस वर्षं ज्या पाण्याने कधी दगा दिला नाही, ते आताच का बिघडावं, हे त्यांना कळत नव्हतं. सोमवारी त्यांनी साबण बदलला. मंगळवारी ब्रश बदलला. बुधवारी सकाळी डोक्यावरची ट्यूबलाइट बदलून घेतली, आणि नवी ट्यूब डोळ्यांवर येते म्हणून तिच्याखाली पुठ्ठा बांधला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांना चांगली पाठ होती. पण ती आपल्यालाही लागू पडेल, हे माणसाला सगळ्यात शेवटी सुचतं.

चाकणच्या एका लहान कंपनीत ते लीक टेस्टिंगला होते. ट्रक आणि बसच्या ब्रेकला हवा लागते, त्या हवेच्या पोलादी टाक्या ही कंपनी बनवायची. टाकी वेल्डिंग होऊन आली की ते तिच्यात दाबाने हवा भरत, वेल्डिंगच्या जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावत आणि बघत राहत. सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणायची. भोक मोठं असलं की टपोरे बुडबुडे फुगतात, ते कुणालाही दिसतात. पण सुईच्या टोकाएवढं भोक असलं की तिथे मोहरीएवढा बारीक पांढरा फेस धरतो आणि जागच्या जागी हळूहळू वाढतो. तो ओळखणं हेच मामांचं काम होतं. फेस आला नाही की ते टाकीवर हातोडीने ‘ज’ अक्षराचा पंच, म्हणजे पोलादी ठसा, मारत. तो ‘ज’ दिसला की पॅकिंगवाले पुढचा प्रश्न विचारत नसत.

मामांचे नियम कडक होते. पाणी सकाळी स्वतःच्या हाताने कालवायचं आणि वरचा फेस जिरेपर्यंत तासभर झाकून ठेवायचं. ब्रश एकाच दिशेने ओढायचा, पुढेमागे घासायचा नाही. घासला की ब्रशचाच फेस होतो आणि टाकीचा त्यात लपून जातो. “आपणच फेस काढत बसलो, तर तिचा कसा दिसणार?” हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की चहावालासुद्धा ते म्हणून दाखवायचा.

शिवाय नवरी होती. नवरी म्हणजे लाल रंगवलेली एक टाकी, मुद्दाम गळकी ठेवलेली. रोज सकाळी पहिला मान तिचा. तिच्यावर पाणी लावायचं, फेस कुठे येतो तिथे खडूने गोल करायचा. म्हणजे पाणी ठीक, हवा ठीक आणि बघणाऱ्याचे डोळेही ठीक, असा त्याचा अर्थ. मग सुपरवायझर शेखर बोराटे रजिस्टरवर सही ठोकायचा आणि दिवस सुरू व्हायचा. सात वर्षं ती एकच नवरी होती, आणि तिचं भोकही तेच होतं.

भांडणाचं मूळ शनिवारी होतं. शनिवारी गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून एक टाकी परत आली होती. गळत होती, आणि तिच्यावर ‘ज’ होता. क्वालिटीच्या तेजस्विनी मॅडमनी मामांना बोलावून ती दाखवली. मॅडम मामांच्या मुलीच्या वयाच्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या आणि बोलायला शंभर वर्षांनी मोठ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. “बत्तीस वर्षांत पहिलीच ना, मामा? वाटेत धक्का लागला असेल,” एवढंच म्हणाल्या. मामा हो म्हणाले आणि बाहेर आले. धक्क्याने वेल्डिंगला असं भोक पडत नाही, हे त्यांना माहीत होतं.

तेव्हापासून ते प्रत्येक टाकीपाशी दुप्पट वेळ उभे राहू लागले. आणि जितकं जास्त बघावं तितकं कमी दिसत होतं. चकचकीत पोलादावर ट्यूबचा उजेड पसरायचा, त्यात पांढरं काय नि चमकतं काय, काही उमगत नसे. बुधवारी दुपारी त्यांना वाटलं, सापडलं. पोलाद पांढुरकं, फेस पांढरा, मग दिसणार कसा? फेस निळा असला तर लांबून दिसेल. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी गेटबाहेरच्या दुकानातून कपड्यांची नीळ आणली आणि अर्धी बाटली पाण्यात ओतली.

“मामा, टाक्यांना नीळ देताय? वाळत कुठं घालणार?” पॅकिंगची तनुजा हसत म्हणाली.

मामा हसले नाहीत. पाणी गडद निळं झालं होतं, हात घातला तर हात निळा होत होता. त्यांनी मुद्दाम, आपलाच नियम मोडून, ब्रशने ते घुसळलं. फेस आला. पांढरा! निळ्या पाण्यावर दुधासारखा पांढरा फेस. त्यांनी उरलेली अर्धी बाटलीही ओतली. पाणी आणखी निळं झालं, फेस पांढराच राहिला. बादलीसमोर उकिडवे बसलेले मामा त्या फेसाकडे बघत राहिले, आणि आपल्याला काहीतरी कळत नाहीये अशी भीती त्यांना वाटली.

पिंपरीतल्या दोन खोल्यांच्या घरात ते पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांची मुलगी साक्षी भांडी घासत होती. पोरगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र, आणि घरात तिला कुणी शास्त्रातलं विचारलं की तिला फार आवडायचं. कारण कुणी विचारत नसे.

“साक्षी, निळ्या पाण्याचा फेस पांढरा का येतो गं?”

तिने वळून वडिलांकडे बघितलं. मग हातातली हिरव्या साबणाची बाटली उंच धरली. “हा हिरवा आहे ना? आणि याचा फेस?” ताटावरचा फेस तिने तळहातावर घेतला. तो पांढरा होता. तीस वर्षं ही भांडी घासली गेली, साबण कधी हिरवा तर कधी पिवळा, आणि हे आपण कधी बघितलं नाही, याचं मामांना नवल वाटलं.

“आई, तुझी बांगडी दे.” कस्तुरा पोळ्या लाटत होत्या. कुरकुरत त्यांनी काचेची एक बांगडी काढून दिली. साक्षीने ती साबणाच्या पाण्यात बुडवून वर काढली. बांगडीत पाण्याचा पातळ पापुद्रा ताणला गेला होता. “यातून मी दिसते का?”

“दिसतेस.”

“म्हणजे पापुद्रा आरपार आहे. त्याला रंग आहे का? नाही म्हणण्यासारखाच. बाटलीभर साबण हिरवा दिसतो, पण इतक्या पातळ पापुद्र्यात रंग उरणार किती? तशीच तुमची नीळ.” तिने बांगडी झटकली आणि तळहातावरचा फेस पुढे केला. “आता यात असे हजारो पापुद्रे आहेत. प्रत्येक पापुद्र्यावर उजेड पडतो, थोडा परत फिरतो, थोडा पुढे जातो, तो पुढच्यावर आपटतो. सगळे रंग सगळ्या बाजूंना उधळले जातात. आणि सगळे रंग एकत्र आले की आपल्याला पांढरं दिसतं. पांढरा रंग फेसात नाहीच, पप्पा. तो उजेडाचा आहे.”

मामांच्या चेहऱ्यावर अविश्वास बघून तिने डब्यातून खडीसाखरेचा मोठा खडा काढला. उजेडासमोर धरला, तो जवळपास काचेसारखा होता. मग तिने तो खलबत्त्यात टाकला आणि चार ठोके दिले. खाली पांढरी पूड होती. “काही मिसळलं का मी? आरपार वस्तूचे बारीक तुकडे केले, एवढंच. काचेचा चुरा पांढरा, किसलेला बर्फ पांढरा. तुकडे जितके बारीक, तितकं जास्त पांढरं.”

“म्हणजे बारीक बुडबुड्यांचा फेस...”

“सगळ्यात पांढरा. तुमच्या टाकीवरचा बारीक फेस तर खडूने ठिपका दिल्यासारखा उठून दिसायला हवा.”

लाटण्याचा आवाज थांबला.

“मला दिसत नाही, साक्षी,” ते म्हणाले. “काही महिने झाले असतील. मला वाटलं पाणी बिघडलंय. नवी ट्यूबही डोळ्यांवर येते.”

साक्षीने हात पुसले आणि त्यांना खिडकीपाशी बसवलं. मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून ती त्यांच्या डोळ्यात बघू लागली. तिचा श्वास त्यांच्या गालाला लागत होता. आधी उजवा डोळा बघितला, मग डावा, मग पुन्हा उजवा.

“बाहुली काळी असते, पप्पा. तुमची उजवी राखाडी दिसतेय. दुधट. डावीसुद्धा थोडी.” तिचा आवाज आता शिकवणाऱ्या बाईंसारखा राहिला नव्हता. “मोतीबिंदू असेल. डोळ्यात स्वच्छ भिंग असतं. ते आतून गढूळ झालं की उजेड सरळ आत जात नाही, उधळतो. म्हणूनच तुम्हाला ट्यूब डोळ्यांवर येते.”

“फेसासारखा,” मामा म्हणाले.

“हो. फेसासारखाच.”

कस्तुरा पिठाचे हात घेऊन जवळ आल्या. मोतीबिंदूचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांच्या आईचं ऑपरेशन झालं होतं, मावशीचं झालं होतं, दुसऱ्या दिवशी दोघी भाजी निवडत होत्या. त्यांना भीती होती ती नोकरीची. “मग झालं की. आठ दिवस रजा टाका, ऑपरेशन करून घ्या. कंपनीत कुणाला सांगायची गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत तुमची.”

“आणि ज्या टाक्या गेल्या त्या?”

“बाकीच्या चांगल्याच असतील. तुमचा हात आहे.”

हात आहे, पण डोळा नाही, असं मामांच्या ओठांवर आलं. ते गिळून ते जेवायला बसले, आणि पोळी हातात तशीच राहिली. उद्या गुरुवार. उद्या अकरा वाजता एकशे साठ टाक्यांची गाडी सुटणार होती. प्रत्येक टाकीवर ‘ज’ होता.

सकाळी कंपनीची बस मोशीच्या सिग्नलला थांबली आणि चाकांपाशी फस्स करून हवा सुटली. तो आवाज मामांनी हजारो वेळा ऐकला असेल आणि कधी लक्षही दिलं नसेल. आज तो त्यांच्या छातीतून गेला. टाकीतली हवा कमी पडली की ब्रेकचा भरवसा नाही. सिग्नलला शेजारी शहर बस उभी होती, दाराशी माणसं लोंबकळत होती, आणि पुढे एक कंटेनर होता. यातल्या कुणाच्या पोटाखाली आपली टाकी आहे, कोण जाणे. चाकण येईपर्यंत बसने जितक्यांदा ब्रेक मारला, तितक्यांदा मामांनी समोरची दांडी घट्ट धरली.

आपण उगाच घाबरतोय का, हे आधी बघायचं त्यांनी ठरवलं. शिफ्ट सुरू व्हायला वीस मिनिटं होती. त्यांनी तनुजाला बाजूला घेतलं. “रिजेक्टच्या रॅकमधून एक जुनी, बारीक भोकाची टाकी आण, आणि दोन चांगल्या. कुठली कुठली ते मला सांगू नको.”

तनुजाने मामांच्या तोंडाकडे बघितलं आणि थट्टा केली नाही. तिने तिन्ही टाक्या स्टँडवर चढवल्या. मामांनी हवा भरली, पाणी लावलं, एका दिशेने, नेहमीच्या हाताने. पहिली बघितली. दुसरी बघितली. तिसरी बघितली. मग पहिल्यापासून पुन्हा एकदा.

“तिन्ही पास,” ते म्हणाले.

तनुजा मधल्या टाकीकडेच बघत होती.

“बोल.”

“मामा, मधल्या टाकीला... तुमच्या ब्रशच्या समोरच आहे. शेंगदाण्याएवढा झालाय आता.”

मामांनी मान आणखी खाली घातली. पोलाद चमकत होतं. त्या चमकण्यात कुठेतरी शेंगदाण्याएवढा फेस होता, पोरीला तो दोन हातांवरून दिसत होता, आणि त्यांना टीचभर अंतरावरून दिसत नव्हता.

“पण नवरीचा तर रोज बरोब्बर दाखवता की!” तनुजा म्हणाली.

मामांनी लाल टाकीकडे बघितलं. उजव्या टोकाला, कडीच्या खाली, दोन बोटं सोडून. डोळे बांधले तरी हात तिथेच जाईल. सात वर्षं हात तिथेच जात होता. फेस बघून गोल करायचा होता, आणि कधीतरी, नेमका कुठल्या दिवशी ते देवालाही ठाऊक नसेल, त्यांनी आठवणीने गोल करायला सुरुवात केली होती. जी टाकी डोळे तपासायला ठेवली होती, तिनेच त्यांचे डोळे झाकले होते. मामांना तिथल्या तिथे लाज वाटली, इतकी की कान तापले.

“मी कुणाला नाही सांगणार, मामा,” तनुजा हळूच म्हणाली.

बाहेर गाडीत टाक्या चढवण्याचा खडखडाट सुरू झाला होता. मामा शेखरकडे गेले. शेखर मोशीच्या जुन्या घरातला, सहा फूट उंच, मनाने चांगला पण घाईचा. मामांनी त्याला सगळं सांगितलं. सांगताना ते त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होते.

“मामा, तुमी काय बोलताय कळतंय का तुमाला?” शेखरने आधी आजूबाजूला बघितलं. “रोज सकाळी नवरीवर माजी सही हाय. मी कधी वाकून बघितलं न्हाई. तुमी गोल केला की मी सही केली. आता तुमी म्हनता दिसत न्हवतं, मंग मी काय बघून सही केली?”

“तू माझ्याकडे बघून केलीस.”

“तेच तर! गाडी जाऊ द्या, मामा. उद्यापासनं रजा टाका, डोळं करून या. एकशे साठात एखादी असली तर असली.”

मामांच्या मनात कालपासून हेच होतं. स्वतःच्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की किती वाईट दिसतं, ते त्यांना तेव्हा कळलं.

“शेखर, ती एखादी कुठे जाते, माहितीये का तुला?”

मामांनी खिशातून पंच काढला आणि मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन तो टेबलावर ठेवला. “मॅडम, गाडी थांबवा. ह्या पंचाचं गेले काही महिने काही खरं नाही. मला दिसत नाही.”

तेजस्विनी मॅडमना समजायला थोडा वेळ लागला, पण समजल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या. “आधी का नाही सांगितलंत?” त्यांनी विचारलं, आणि मग इतकं बोलल्या की काचेबाहेरचे लोक कामं सोडून बघू लागले. मामा ऐकून घेत होते. मला कालच कळलं, असं ते एकदाच म्हणाले. ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी मॅडमनी फोन उचलला आणि गाडी रिकामी करायला सांगितलं.

एकशे साठ टाक्या पुन्हा तपासायला घेतल्या. पाणी मामांनी कालवलं. ब्रश तनुजाच्या हातात दिला आणि तिच्या मागे स्टूल टाकून ते बसले. “पुढेमागे नको. एकाच बाजूला. घाई नको,” एवढंच ते बोलत. बाकी त्यांना काही काम नव्हतं. बत्तीस वर्षांत ते या स्टँडपाशी कधी बसले नव्हते.

दहा झाल्या. चाळीस झाल्या. प्रत्येक टाकीला तनुजा वाकायची, थांबायची, आणि मामा स्टुलावर पुढे सरकायचे. “ओके,” ती म्हणायची. जेवणाच्या सुट्टीला सत्तर ओके होत्या. वेल्डर ज्ञानदेव येता-जाता तोंड वाकडं करू लागला. मामांच्या जिवाची वेगळीच घालमेल सुरू झाली. एकही गळकी निघू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि एकही निघाली नाही, तर आपण हात दाखवून अवलक्षण केलं, पंच गेला, इभ्रत गेली, हेही डोक्यातून जात नव्हतं. असा विचार आपल्याला येतोच कसा, म्हणून ते स्वतःवर चिडत होते.

दुपारी सव्वातीनला, एकशे सोळाव्या टाकीला, तनुजा वाकली आणि वाकलेलीच राहिली.

“मामा.”

ते स्टुलावरून उठले. “कुठे?”

तिने त्यांचं बोट धरून जोडावर नेलं. साबणाच्या पाण्याखाली बोटाच्या टोकाला गार, बारीक हवा लागली. मुंगी श्वास सोडेल तेवढीच. मामांनी बोट तिथेच दाबून धरलं, जणू ते उचललं तर सगळी हवा निघून जाईल. मग त्यांनी हातोडी आणि छिन्नी मागून घेतली आणि त्या टाकीवरच्या आपल्या ‘ज’वर आडवी रेघ ठोकली. एका घावात बसली नाही, तीन घाव लागले. ज्ञानदेवने तोंड वाकडं करणं सोडून दिलं, कारण जोड त्याचा होता.

संध्याकाळपर्यंत आणखी एक निघाली. आधीच्या गाड्यांतून जे गेलं होतं, त्याची यादी मॅडमनी गाडीच्या कंपनीला कळवली. मामांना लेखी ताकीद मिळाली आणि रजेवर पाठवलं. परत आल्यावर कुठे बसवायचं ते बघू, असं सांगितलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर ते डोळ्यावर झाकण घेऊन घरी पडून होते, आणि डोळ्यापेक्षा त्यांचं लक्ष फोनकडे होतं. फोन आला की कस्तुरा उचलून त्यांच्या कानाला लावायच्या. नातेवाईक निघत. पाचव्या दिवशी शेखर होता.

“मामा, तिकडं गाडीवाल्यांनी सगळ्या तपासल्या. एक घावली. गोदामातच हुती, गाडीला लागली न्हवती.”

“बाकीच्या?”

“बाकी समद्या ठीक. झोपा आता.”

मामांनी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. ते रडत होते. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साक्षी शेजारी बसून कापसाने टिपत राहिली आणि एकदाही त्यांना रडू नका म्हणाली नाही.

दोन्ही डोळे होऊन ते कामावर रुजू झाले, तोवर दोन महिने गेले होते. मॅडमनी अट घातली होती. नवरीचं जुनं भोक बुजवायचं आणि दुसरीकडे कुठेतरी नवं पाडायचं. कुठे, ते एकट्या ज्ञानदेवला माहीत. मामांनी ते शोधलं तर पंच परत, नाही तर पॅकिंगला खोके बांधायचे. दुधाने तोंड पोळलं होतं, मॅडम ताकही फुंकून पिणारच, आणि मामांना ते पटत होतं.

स्टँडभोवती सगळे जमले. मामांनी पाणी तासभर झाकून ठेवलं होतं. फडकं काढलं आणि ब्रश बुडवला. हात आपोआप उजव्या टोकाकडे, कडीखाली निघाला. त्यांनी तो वाटेत थांबवला, आणि डाव्या टोकापासून सुरुवात केली. त्यांना सगळं दिसत होतं. पोलादावरचे ओरखडे दिसत होते, ब्रशचा सुटलेला केस दिसत होता, लाल रंगाचे पोपडे दिसत होते. पण फेस दिसत नव्हता. डावं टोक साफ. मधला जोड, खालून वर, साफ. नवे डोळे आणि तरीही नाही, असं मनात आलं, तरी त्यांनी ब्रश पुढे ओढला. मग मधल्या जोडाच्या मागच्या बाजूला, जिथे वाकल्याशिवाय बघता येत नाही, तिथे एक पांढरा कण होता. ते थांबले. कण मोहरीएवढा झाला. साक्षी म्हणाली होती तसाच, खडूने ठिपका दिल्यासारखा.

मामांनी त्याच्याभोवती गोल केला. ज्ञानदेवने मान डोलावली, तनुजाने टाळीच वाजवली. शेखरने रजिस्टर उघडून पेन काढलं.

“थांब,” मामा म्हणाले. “टाकी संपली नाही अजून.”

उजवं टोक राहिलं होतं. कडीच्या खाली, दोन बोटं सोडून, त्यांनी सगळ्यात शेवटी ब्रश ओढला. बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग तिथे दुसरा गोल केला.

“मामा, ते बुजवलंय! मी स्वतः वेल्डिंग मारलंय,” ज्ञानदेव म्हणाला. कुणीतरी मागे च्च केलं. जुनी सवय, दुसरं काय, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं. मॅडमनी नजर खाली घातली.

मामांनी नुसतं बोट दाखवलं. ज्ञानदेव वाकला, आणि त्याचा चेहरा उतरला.

“आहे की राव,” तो म्हणाला. “बारीक आहे. पण आहे.”

मॅडमनी पंच मामांच्या हातात दिला. शेखरने पेन सहीच्या चौकोनावर टेकवलं होतं, ते उचललं. रजिस्टर तनुजाकडे देऊन तो सहा फुटी माणूस गुडघ्यावर बसला आणि टाकीच्या अगदी जवळ तोंड नेऊन आधी एक गोल बघितला, मग दुसरा. दोन्हीतला पांढरा फेस वाढताना त्याने डोळ्यांनी बघितला, आणि मग उठून सही केली.